रुपयाएवढी चमक

आमच्या घरात वस्तूंचे दोनच प्रकार होते: घासलेल्या आणि घासायच्या राहिलेल्या. पाणी तापवायचा तांब्याचा बंब दर रविवारी घासला जाई, देवाची उपकरणी रोज, समया सणाच्या आदल्या दिवशी. दिवाळीच्या तोंडावर आई हातात काथ्या घेऊन निघाली की घरात जे हलत नसेल ते घासलं जाई. जे हलत असेल, म्हणजे आम्ही भावंडं, त्यांचा नंबर नरकचतुर्दशीला पहाटे लागे. उटण्याने अंग सोलून निघाल्यावर ती आम्हाला दिव्याखाली उलटसुलट करून बघायची, पातेलं बघावं तसं. ‘लख्ख’ हा तिचा शेवटचा शेरा. त्यापलीकडे कौतुक नसे.

अशा घरात वाढलेल्या माणसाच्या ताब्यात काळ्या मॅट चाकांची गाडी देऊन भाच्याने विमान धरलं. ही चूक त्याची की माझी, यावर अजून एकमत नाही.

भाचा पुण्याचा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालायची, मंगळवारी ओझरहून दिल्लीला जाऊन आठवडाभराचं काम उरकायचं आणि परत आल्यावर नव्या गाडीची त्र्यंबकराजाच्या गावात पूजा करून घरी जायचं, असा त्याचा बेत. आमचं घर गावाच्या कडेला, पुढे अंगण. मधले दिवस गाडी तिथे राहणार होती. किल्ली हातात देताना तो म्हणाला, “मामा, गाडी धुतलीत तरी चालेल. चाकांना मात्र हात लावू नका.”

“का रे? सोवळ्यात आहेत?”

“मॅट आहेत.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे चमकत नाहीत.”

“एवढंच ना? मी चमकवतो की.”

त्याने डोळे मिटून घेतले. माझी बहीणही असेच मिटते. मग त्याने मला चाकाजवळ उकिडवं बसवलं आणि दाखवलं. पाटीसारखा कोरा, कोरडा काळा रंग. कुठे उजेडाचा ठिपका नाही की आपलं तोंड दिसत नाही. मला वाटलं, नव्या गाडीला जुनी चाकं बसवून कोणी फसवलं. पण नाही. नेहमीच्या चकचकीत चाकांपेक्षा जास्त पैसे मोजून ती मुद्दाम तशी घेतलेली होती.

यात माझा दोष कमी आणि आपल्या भाषेचा जास्त. चमकणाऱ्या वस्तूसाठी आपल्याकडे शब्दांची नुसती जत्रा आहे: चकचकीत, लखलखीत, झगझगीत, तुकतुकीत, चकाचक, लख्ख. न चमकणाऱ्यासाठी जे शब्द आहेत ते सगळे आजाऱ्याच्या चौकशीला गेल्यासारखे: निस्तेज, फिकट, मलूल, उतरलेला, कळाहीन. कौतुकाने उच्चारता येईल असा त्यात एकही नाही. म्हणून ‘मॅट’ला मॅटच म्हणावं लागतं. हा शब्द आपल्या मध्यमवर्गात शिरला तो बहुधा फोटो स्टुडिओच्या दारातून. लग्नाचा अल्बम करायला टाकला की स्टुडिओवाला विचारायचा, “मॅट की ग्लॉसी?” आणि मुलीचे वडील काही न समजता “चांगल्यातलं करा,” म्हणायचे. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० साली आमच्याच गावात झाला, ते स्वतः फोटोग्राफी शिकलेले; म्हणजे या बाबतीत आम्ही त्र्यंबककरांनी तरी इतकं अडाणी राहायला नको होतं. पण आमचा लग्नाचा अल्बम ग्लॉसी आहे, आणि त्याची पानं दमटपणाने एकमेकांना अशी चिकटली आहेत की अर्धं लग्न आम्ही पुन्हा कधी पाहिलेलं नाही.

खरं तर मॅट म्हणजे काय हे मला दुसरीतच कळलेलं होतं, नाव तेवढं माहीत नव्हतं. आमच्या वर्गातला लाकडी फळा वर्षानुवर्षं पुसून पुसून मधोमध गुळगुळीत झाला होता. खिडकीतून ऊन आलं की डाव्या बाजूची पोरं ओरडायची, “गुरुजी, फळा चमकतोय!” चमकणाऱ्या फळ्यावरचं काही दिसत नाही आणि त्यावर खडूही नीट उमटत नाही. मग एखाद्या शनिवारी बॅटरीचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड काढायची, वेलाच्या पाल्याच्या रसात कालवायची आणि बोळ्याने फळ्याला फासायची. सोमवारी फळा पुन्हा कोराकरकरीत काळा. आम्ही तेव्हा मॅट फिनिश करत होतो हे समजायला मला साठी ओलांडावी लागली.

भाच्याने जे सांगितलं ते याच फळ्याचं शास्त्र होतं. चकचकीत रंगावरचा पारदर्शक थर सपाट असतो, म्हणून उजेड ज्या कोनातून येतो त्याच कोनातून परत जातो आणि डोळ्यावर तिरीप येते. मॅटच्या त्या पारदर्शक थरात सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. थर वाळला की पृष्ठभाग डोळ्याला न दिसण्याइतका खडबडीत होतो आणि उजेड सगळीकडे विखुरतो. पहाटे वारा नसताना आमच्या कुशावर्त कुंडाचं पाणी बघावं. भोवतीच्या ओवऱ्या जशाच्या तशा उलट्या दिसतात. पावसाची सर आली की त्याच पाण्यावर ओवऱ्या दिसेनाशा होतात, नुसता करडा पसारा उरतो. पाऊस लागला की कुशावर्त मॅट होतं. सर थांबली की ते पुन्हा आरसा होतं, आणि चाकाचं दुखणं नेमकं इथे आहे. चकचकीत रंगावर ओरखडा उठला तर पॉलिशने आजूबाजूचा थर किंचित उतरवून तो घालवता येतो. मॅटवर पॉलिश केलं की ते सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि तेवढ्या जागी चमक येते. ती परत घालवता येत नाही. वॅक्स लावावं तर ते खळग्यांत बसून तेलकट ठिगळं दिसतात. एरवी माणसं चमक यावी म्हणून घासतात. इथे चमक आली म्हणजे वस्तू बिघडली.

हे सगळं मी शांतपणे ऐकून घेतलं. फेरीच्या आधीच्या शनिवारी भाचा सहकुटुंब जव्हारकडचा दाभोसा धबधबा बघून आला आणि संध्याकाळी गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा चाकं मॅट आहेत की मातीची, हे ओळखू येत नव्हतं.

श्रावणातल्या आमच्या चिखलाबद्दल बाहेरच्या माणसाला कल्पना देणं कठीण आहे. तो उडतो, चिकटतो आणि मग वस्तीलाच राहतो. त्यात सिंहस्थ जवळ आला की रस्ते खणले जातात. २०१५ च्या वेळीही खणले होते, आता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा खणले. मधल्या काळात खणले नसतील असा माझा दावा नाही. म्हणजे चिखलात बारीक खडी आणि ताजं डांबरही आलं. मातीतल्या वाळूत गारगोटीच्या जातीचे कण असतात, आणि गारगोटी रंगावरच्या कुठल्याही लेपापेक्षा कितीतरी कठीण. चिखल लागलेलं चाक कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिशकागद फिरवणं.

पुढच्या दोन चाकांवर याखेरीज आणखी एक करडा-तांबूस थर होता, मागच्यांवर त्या मानाने कमी. मी म्हटलं, पुढे जास्त चिखल उडाला असेल. भाचा म्हणाला, “ही ब्रेकची पूड आहे. तोरंगणच्या घाटात उतरताना ब्रेक मारत होतो.” ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढच्या ब्रेकवर ताण जास्त. चकतीचं बिडाचं लोखंड आणि ब्रेकपॅडचा मसाला झिजून कण उडतात, गरम असतानाच चाकावर बसतात, ओलाव्याने गंजतात आणि घट्ट चिकटतात. ते काढायला एक वेगळं औषध मिळतं. फवारलं की लोखंडाशी त्याची प्रक्रिया होऊन चाकातून जांभळे ओघळ वाहू लागतात, आणि वास येतो तो नासक्या अंड्यांचा. यातलं रसायन केस कुरळे करायच्या औषधातल्या रसायनाचं जवळचं नातेवाईक आहे, असं सूनबाईंनी सांगितलं. आमची ही पदर नाकाला लावून म्हणाली, “एवढा वास सोसून काळ्याचं काळंच ठेवायचं ना?”

मंगळवारी जाण्याआधी भाच्याने मला नियम सांगितले. घाटातून आल्या आल्या पाणी मारायचं नाही; चकती गार होऊ द्यायची. (तापल्या तव्यावर पाणी ओतू नये, हे ही मला चाळीस वर्षं सांगते आहे.) उन्हात धुवायचं नाही, पाणी वाळून डाग राहतात. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवून वाहू द्यायचा. शाम्पू घ्यायचा तो ना आंबट ना खारा. आम्लाचा क्लीनर तर मुळीच नाही. बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक फडकं विसळायची. चाकाचं फडकं निराळं, ते गाडीच्या अंगाला लागता कामा नये. अंगाचं फडकं चाकाला लागलं तर ते बाद. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा वापरायचं नाही.

मी हात जोडले. आमच्या गावात गाभाऱ्यात जायचं तर पुरुषाला सोवळं नेसावं लागतं. लहानपणी आजीच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या दोन कळश्यांचा एकमेकींना स्पर्श चालत नसे, आणि पडलेलं वस्त्र पुन्हा धुतल्याशिवाय घेत नसत. ते सगळं आम्ही ‘जुनं’ म्हणून सोडलं, या भाच्याच्या आईने तर वाद घालून सोडलं. तिचा मुलगा आता तेच नियम चाकांसाठी पाळतो. आजी असती तर तिने हा मुलगा पदरात घेतला असता.

त्याच्या मागे मी तीन दिवस गाडीकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं आणि अंगणात ते चिखलाने माखलेलं धूड मला बघवेना. शेजारी येऊन विचारून गेले, “पाहुण्यांची का गाडी?” या प्रश्नात ‘तुमच्याकडे पाणी नाही का?’ हा प्रश्न असतो. मी गाडी काढली आणि नाशिक रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर नेली.

तिथला पोरगा असेल विशीचा. गमबूट, डोक्याला रुमाल, हातात प्रेशरची बंदूक. माझी अपेक्षा अशी की हा म्हणेल, ‘टेन्शन नका घेऊ काका, चकाचक करतो,’ आणि चाकाला डिझेलचा बोळा फिरवेल. मी नियम सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तो चाकाजवळ बसला, नखाने किंचित चाचपून म्हणाला, “काका, मॅट आहे. याला ब्रश नाय लावत मी.”

“तुला कसं माहीत?”

“मागं एका गाडीला लावला होता. दोन महिने पगारातून कापले.”

शिक्षणाचा याहून पक्का मार्ग मला ठाऊक नाही. त्याने चाकं गार आहेत का ते तळहात लावून बघितलं. मग बंदूक चांगली हातभर लांब धरून आऱ्यांच्या मागून, खालून, आतून पाणी मारलं. फोम मारला आणि दूर जाऊन बसला. मी घाईने म्हटलं, “अरे, वाळेल ना.” “वाळायच्या आधी उठतो. तोवर त्याला काम करू द्या.” फोमाचा बुडबुडा चिखल सोडवून खाली ओढत होता, काळपट ओघळ टायरवरून उतरत होते. परत पाणी, मग ब्लोअरची हवा. राहिलेले थेंब त्याने मऊ फडक्याने नुसते उचलले. फडकं ठेवलं, दाबलं, उचललं. पूर्ण वेळात त्याचा हात चाकावर एकदाही पुढे-मागे फिरला नाही. टायरला पॉलिश मारू का, असंही त्याने विचारलं नाही. मला तर तो माणूस त्या धंद्यात कसा टिकणार याची काळजी वाटली.

चाकं पाटीसारखी कोरी झाली. फक्त डाव्या पुढच्या चाकावर, वाल्व्हच्या शेजारी डांबराचा एक ठिपका राहिला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पोरगा म्हणाला, “तो राहू द्या. घरी गेल्यावर खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवा. मऊ पडला की टिपून घ्या, मग शाम्पूचं पाणी. आज नाही निघाला तर उद्या निघेल.”

उद्या निघेल! हे वाक्य आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेलं नाही.

मी तेल लावलं. दहा मिनिटं थांबलो, म्हणजे सात. ठिपका तसाच. आत चहा घेतला, बाहेर आलो, तसाच. तीन चाकं कोरी आणि चौथ्यावर एक ठिपका. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. घरात चिंच होती. तुळशीपाशी रांगोळीचा डबा होता. आमच्याकडे पितळ निघतं ते चिंचेने आणि कशानेच न निघणारं निघतं ते रांगोळीने. काथ्याला चिंच लावली, चिमूटभर रांगोळी घेतली आणि फक्त त्या ठिपक्यावर, अगदी हलक्या हाताने, जेमतेम मिनिटभर हात चालवला.

ठिपका निघाला. ओलं असेपर्यंत काहीच दिसलं नाही, कारण ओलं काहीही थोडं चमकतंच. पाणी वाळलं आणि त्या जागी रुपयाएवढा वाटोळा आरसा उगवला. वाकून बघितलं तर त्यात मी दिसत होतो.

रुपयाएवढा म्हटलं ते सहज नाही. मला तो रुपया आठवलाच. आजोबांच्या पेटीत राणीच्या छापाचा एक चांदीचा रुपया होता. तोळाभराचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. पेटीत राहून राहून काळा पडलेला. मी बारा-तेरा वर्षांचा असताना तो चिंच आणि राखेने घासला आणि आईकडून ‘लख्ख’ मिळवलं. पुढे पुष्कळ वर्षांनी नाशिकच्या एका नाणी जमवणाऱ्या गृहस्थांना तो मोठ्या दिमाखात दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिला, राणीच्या गालावरचे माझे ओरखडे मला दाखवले आणि म्हणाले, “कोणी घासला?” मग सौम्यपणे: “आता याला चांदीचा भाव येईल.” जुन्या नाण्यावर काळाने चढवलेला थर हा त्याचा जन्मदाखला असतो. तो घासून काढला की वय जातं आणि किंमतही. गंमत अशी की नाण्यांचा अभ्यास करणारी देशातली एक नावाजलेली संशोधन संस्था आमच्याच रस्त्यावर, अंजनेरीला आहे, तिचं संग्रहालयही आहे. तिच्यावरून मी हजारदा एसटीने गेलो असेन. एकदा उतरलो असतो तर रुपया तरी वाचला असता, आणि कदाचित चाकही.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा मी मनाशी साफसफाईची क्रियापदं मोजू लागलो. झटकणं, झाडणं, पुसणं, धुणं, विसळणं, खळबळणं, चोळणं, घासणं, मांजणं, खरवडणं, निपटणं. या माळेत प्रत्येकाचं काम वेगळं आणि जोरही वेगळा. ताट विसळतात, कपडा खळबळतात, कढई खरवडतात; कोणी ताट खळबळलं तर सासू बघून घेते. पण मला नीट येतं ते एकच, घासणं. बाकीची सगळी मी घासण्याचेच कमी-जास्त प्रकार समजत आलो. आणि माळेच्या टोकाला, जवळजवळ विसरलेलं, एक क्रियापद असतं: टिपणं. बाळाच्या डोळ्यातलं पाणी टिपतात. पत्रावरची ओली शाई टीपकागदाने टिपायची. पैठणीवर काही सांडलं तर बायका ओरडतात, “घासू नकोस, टिपून घे!” टिपण्यात हात फक्त खाली-वर जातो, पुढे-मागे नाही. त्या पोराने हेच तर केलं होतं. बायकोला सकाळी हा शोध सांगितला. ती म्हणाली, “हे मी काल खिडकीतून ओरडून सांगत होते. तुमच्या घासण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.”

भाचा परत आला. मी काही बोललो नाही. त्याला चहा दिला, दिल्लीच्या हवेची चौकशी केली. तो गाडीभोवती एक फेरी मारून डाव्या पुढच्या चाकापाशी थांबला. डोळे मिटले. उघडले. “रांगोळी?” म्हणाला. घराण्याचा मुलगा आहे.

“आधीच सिरॅमिक कोटिंग करून घ्यायला हवं होतं,” तो स्वतःशीच म्हणाला. मॅटवर चालणारं कोटिंग निराळं मिळतं. त्याने चमक न येता घाण कमी चिकटते. “किती टिकतं?” मी विचारलं. “कंपनी म्हणते पाच वर्षं. अटी लागू.” मला बोलायला विषय मिळाला. म्हटलं, आमच्या गावाला यातलं सगळं ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केलेलं आमचं काळ्या दगडाचं देऊळ १७८६ ला पुरं झालं. पण आतलं लिंग त्याहून कितीतरी जुनं आणि अभिषेकाच्या धारेखाली अखंड. त्याची झीज होत होती. मग जानेवारी २०२३ मध्ये आठवडाभर दर्शन बंद ठेवून पुरातत्त्व विभागाने वज्रलेपाचं काम केलं. देऊळ आठ दिवस बंद, आणि गावात कोणी कुरकुर केली नाही. नाव जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे: कच्ची टेंभुर्णीची फळं, कच्ची कवठं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत काढा करायचा, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल मिसळायचे आणि गरम असतानाच देवळाला, लिंगाला, मूर्तीला, भिंतीला, विहिरीला लावायचा. आजचे संवर्धक यातलं किती वापरतात ते सोड. पण तो लेप किती टिकतो म्हणून सांगितलंय? एक कोटी वर्षं.

“अटी लागू?” भाच्याने विचारलं.

“अटींचा उल्लेख नाही.”

तो हसला, म्हणून मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी पूजा. गुरुजी ओळखीचे, गाड्यांच्या पूजेत हात बसलेला. झेंडूची माळ, नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, इथवर ठीक चाललं. ते गंध-कुंकवाची वाटी घेऊन चाकांकडे वळले तशी भाच्याच्या अंगात वीज शिरली. “गुरुजी, चाकांना नको!” हळद त्या बारीक खळग्यांत शिरली तर पिवळी झाक राहते, उन्हाने उडते पण वेळ घेते, कुंकवाचं तर विचारू नका. आणि चाकाखाली लिंबू चिरडलं की रस नेमका चाकावर उडतो, तो आम्लच. भाचा हे सगळं गुरुजींना अदबीने समजावत होता. गुरुजींनी ऐकून घेतलं. लिंबं चाकाच्या मागच्या बाजूला सरकवली. पण ते म्हणाले, “वाहनाची पूजा आणि चाक कोरडं कसं ठेवायचं? चाक म्हणजेच वाहन. एका तरी चाकाला बोट लागू द्या.”

भाचा माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे. गुरुजी तोवर गाडीला वळसा घालून डाव्या पुढच्या चाकापाशी पोचले होते. वाकले आणि प्रसन्न झाले.

“वा! इथे तर तुम्ही जागा करूनच ठेवली आहे.”

आणि त्यांनी त्या रुपयाएवढ्या आरशात, बरोबर मधोमध, कुंकवाचं बोट टेकवलं. टेकवलं आणि उचललं. अजिबात फिरवलं नाही. काळ्यावर लाल इतकं देखणं दिसलं की सूनबाईंनी फोटो काढला. भाचा गप्प होता, कारण हरकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती तेवढी एकच जागा गुळगुळीत. तिथे कुंकू खळग्यात शिरणार नव्हतं.

सिन्नर येईपर्यंत पावसाने कुंकू धुऊन नेलं, असा निरोप दुपारी आला. खाली मामीसाठी आणखी एक ओळ होती: घरातली रांगोळी उंच फळीवर ठेवावी. चमक आहे तशीच आहे. डावं पुढचं चाक, वाल्व्हच्या शेजारी.